लिनक्स व्हीएममध्ये गेस्ट टूल्स रेपॉझिटरीतून कशी बसवावीत

व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएममध्ये) लिनक्स बसवले, ते सुरू झाले, नेटवर्क मिळाले, की काम संपले असे समजून पुष्कळ जण पुढच्या कामाला लागतात. मशीन चालते हे खरे; परंतु बाहेरच्या हायपरवायझरला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, आतल्या लिनक्सची काहीच खबर नसते. व्यवस्थापनाच्या पानावर व्हीएमचा आयपी पत्ता दिसत नाही, होस्ट, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतात ते मशीन, बंद करताना आतल्या डेटाबेसला आवरते घ्यायला वेळ मिळेलच याची खात्री नसते, स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची प्रत) घेण्यापूर्वी फाइलसिस्टिम स्थिर करता येत नाही, आणि डेस्कटॉप असेल तर खिडकी मोठी केली तरी आतला पडदा तेवढाच राहतो. ही दोन्ही बाजूंची देवाणघेवाण घडवून आणणारे छोटे प्रोग्राम म्हणजे गेस्ट टूल्स; गेस्ट म्हणजे आतली लिनक्स प्रणाली.

ही टूल्स बसवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला जुना: हायपरवायझरसोबत येणारी आयएसओ फाइल (सीडीची प्रतिमा) व्हीएमला जोडायची, तिच्यातील इन्स्टॉलर चालवायचा आणि त्याने कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्याला जोडला जाणारा भाग) कंपाइल करेपर्यंत थांबायचे. दुसरा मार्ग म्हणजे आपल्या डिस्ट्रिब्युशनच्या (उबंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या) रेपॉझिटरीतील, म्हणजे अधिकृत पॅकेजसंग्रहातील, तयार पॅकेज घेणे. या लेखात दुसऱ्या मार्गाची शिफारस आहे आणि तिचे कारण ठोस आहे. आयएसओतून बसवलेल्या फाइलींची नोंद पॅकेज मॅनेजरकडे नसते. त्यामुळे कर्नल बदलला की मॉड्यूल मागे राहते, सुरक्षा दुरुस्ती आली तरी ती त्या फाइलींपर्यंत पोहोचत नाही, आणि सिक्युअर बूट (केवळ सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेले मॉड्यूल कर्नल स्वीकारतच नाही. रेपॉझिटरीतून आलेली टूल्स मात्र बाकीच्या प्रणालीबरोबर, तिच्याच अपडेटच्या चक्रात पुढे सरकतात. नागपुरातील महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा परसोडीच्या आयटी पार्कमधील एखाद्या लहान कार्यालयात अनेक व्हीएम सांभाळण्याची जबाबदारी एकाच माणसावर असेल, तर हा फरक त्याला दर महिन्याला जाणवतो.

या लेखातील कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्यात आणि जोडरेघा, ठिपके व तिरप्या रेघा जशाच्या तशा ठेवाव्यात. मोठी अक्षरे जेथे लागतात तेथे तसे सांगितले आहे.

हायपरवायझर कोणता, हे आधी तपासा

दुसऱ्या कोणी तयार केलेली व्हीएम हाती आली असेल, तर अंदाजावर पॅकेज बसवू नये. सिस्टिमडी (सेवा सुरू करणारी व्यवस्था) असलेल्या कोणत्याही लिनक्सवर ही एक कमांड पुरते:

सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट

उत्तर ‘व्हीएमवेअर’ आले तर अर्थ स्पष्ट आहे. ‘ओरॅकल’ म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स, ‘केव्हीएम’ म्हणजे लिबव्हर्ट किंवा प्रॉक्समॉक्ससारखी केव्हीएम या लिनक्सच्या अंगभूत हायपरवायझरवर आधारलेली व्यवस्था, ‘मायक्रोसॉफ्ट’ म्हणजे हायपर-व्ही. ‘क्यूएमयू’ असे उत्तर आले, तर क्यूएमयू केव्हीएमच्या प्रवेगाशिवाय चालत असल्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी आधी होस्टच्या बायोसमधील व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय चालू आहे का ते पाहावे, कारण गेस्ट टूल्स बसवून तो संथपणा जाणार नाही.

जुनी टूल्स आधी काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग एकाच नावाच्या दोन सेवा एकमेकींच्या आड येतात. व्हीएमवेअरच्या व्हीएममध्ये टूल्स कोठून आली आहेत हे ओळखण्याची सोपी रीत अशी, की मुख्य प्रोग्रामची फाइल कोणत्या पॅकेजची आहे हे पॅकेज मॅनेजरलाच विचारावे. डेबियन किंवा उबंटूवर:

डीपीकेजी -एस /यूएसआर/बिन/व्हीएमटूल्सडी

येथे ‘एस’ मोठे हवे. रेड हॅट परिवारात त्याऐवजी ‘आरपीएम -क्यूएफ’ आणि पुढे तोच मार्ग द्यावा. उत्तरात पॅकेजचे नाव आले तर काही काढण्याची गरज नाही. फाइल अस्तित्वात आहे, पण ती कोणत्याच पॅकेजची नाही असे उत्तर आले, तर ती टारबॉलमधून, म्हणजे आयएसओतील संकुचित इन्स्टॉलर-संचातून, आलेली आहे. तिच्यासोबत विस्थापनाची स्क्रिप्टही आलेली असते:

सुडो /यूएसआर/बिन/व्हीएमवेअर-अनइन्स्टॉल-टूल्स.पीएल

ती चालवल्यावर मशीन एकदा रीबूट करावे. व्हर्च्युअलबॉक्सच्या आयएसओतून बसवलेली टूल्स सहसा ‘/ऑप्ट’ खालच्या, ‘व्हीबॉक्सगेस्टॲडिशन्स’ने (यातील व्ही, बी, जी व ए मोठे) सुरू होणाऱ्या आणि पुढे आवृत्तीचा क्रमांक असलेल्या फोल्डरमध्ये असतात आणि त्याच फोल्डरमध्ये ‘अनइन्स्टॉल.एसएच’ ही स्क्रिप्ट मिळते.

रेपॉझिटरीपर्यंत रस्ता मोकळा आहे का

पॅकेज सापडत नाही अशी तक्रार येते, तेव्हा पॅकेज खरोखर नसते असे क्वचितच घडते. एक तर पॅकेजची यादी शिळी असते, किंवा रेपॉझिटरीचा आवश्यक तो विभाग बंद असतो, किंवा प्रॉक्सीमुळे (नेटवर्कमधील मध्यस्थ सर्व्हरमुळे) विनंती बाहेरच जात नाही. म्हणून सुरुवात नेहमी यादी ताजी करून करावी: डेबियन व उबंटूवर ‘सुडो ॲप्ट अपडेट’, फेडोरा व रेड हॅट परिवारात ‘सुडो डीएनएफ मेककॅश’, ओपनसुसेवर ‘सुडो झिपर रिफ्रेश’. त्यानंतर पॅकेज दिसते का, आणि कोणत्या आवृत्तीत, हे बसवण्यापूर्वीच पाहून घ्यावे:

ॲप्ट पॉलिसी ओपन-व्हीएम-टूल्स

उत्तरात ‘कँडिडेट’ या शब्दापुढे आवृत्ती असेल तर सर्व ठीक आहे. तेथे ‘नन’ आले तर विभाग बंद आहे असे समजावे.

महाविद्यालयांच्या नेटवर्कमध्ये प्रॉक्सी असणे नेहमीचे आहे. ब्राउझरमध्ये प्रॉक्सी भरलेली असली तरी ॲप्ट ती आपोआप घेतेच असे नाही. ‘/ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी’ या फोल्डरमध्ये एक लहान फाइल तयार करून तिच्यात ‘अक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी’ ही ओळ, पुढे अवतरणचिन्हांत प्रॉक्सीचा पूर्ण पत्ता आणि शेवटी अर्धविराम असे लिहावे. पहिल्या शब्दातील ‘अ’साठीचे अक्षर आणि ‘प्रॉक्सी’तील ‘प’साठीचे अक्षर मोठे असते. डीएनएफसाठी ‘/ईटीसी/डीएनएफ/डीएनएफ.कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘प्रॉक्सी=’ अशी ओळ पुरते.

एकाच प्रयोगशाळेत तीसचाळीस व्हीएम असतील, तर प्रत्येकीने तेच पॅकेज बाहेरून उतरवणे म्हणजे जोडणीवर विनाकारण ओझे टाकणे आहे. अशा ठिकाणी एका मशीनवर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवावे. ते पोर्ट ३१४२ वर ऐकते, आणि बाकीच्या व्हीएमना प्रॉक्सी म्हणून तोच पत्ता दिला की पहिल्या व्हीएमने आणलेले पॅकेज उरलेल्यांना स्थानिक नेटवर्कवरूनच मिळते. एचटीटीपीएस पत्त्यांच्या रेपॉझिटरी मात्र ते मूळ मांडणीत साठवत नाही, हे लक्षात ठेवावे.

सेंटओएस ७ वापरणाऱ्यांसाठी येथेच एक स्पष्ट सूचना द्यायला हवी. त्या आवृत्तीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आणि तिची नेहमीची रेपॉझिटरी संग्रहात हलवली गेली. संग्रहाचा पत्ता भरून पॅकेज बसवता येते. पण त्यापुढे दुरुस्त्या येणार नाहीत. तेथे टूल्स बसवण्यात वेळ घालवण्यापेक्षा व्हीएम नव्या आवृत्तीवर हलवण्याची योजना आखणे अधिक शहाणपणाचे आहे.

व्हीएमवेअरवर

व्हीएमवेअरने आपल्या टूल्सचा मोठा भाग २००७ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुला केला आणि तोच ‘ओपन-व्हीएम-टूल्स’ या नावाने आज जवळपास सर्व मोठ्या डिस्ट्रिब्युशनमध्ये उपलब्ध आहे. लिनक्ससाठी हेच पॅकेज वापरावे, अशी व्हीएमवेअरचीही शिफारस आहे. जुन्या टारबॉलमध्ये नव्या सुविधा घालणे कंपनीने १०.३.५ या आवृत्तीपासून थांबवले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर डाउनलोडची पाने व पत्ते बरेच बदलले, परंतु रेपॉझिटरीतून टूल्स घेणाऱ्यांना त्याची झळ लागण्याचे कारण नाही.

सर्व्हरसाठी:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ओपन-व्हीएम-टूल्स

रेड हॅट परिवारात ‘ॲप्ट’च्या जागी ‘डीएनएफ’ आणि ओपनसुसेवर ‘झिपर’ घालावे; पॅकेजचे नाव तेच राहते. ग्राफिकल डेस्कटॉप असेल तरच ‘ओपन-व्हीएम-टूल्स-डेस्कटॉप’ हे दुसरे पॅकेज जोडावे. कॉपी-पेस्ट, पडद्याचा आकार आपोआप बदलणे आणि फाइल ओढून टाकणे या सुविधा त्यातून येतात. सर्व्हरवर ते ‘असू द्यावे’ म्हणून बसवू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड झालेला सीव्हीई-२०२३-३४०५९ हा सुरक्षा दोष नेमका डेस्कटॉपच्या सुविधांसाठी लागणाऱ्या ‘व्हीएमवेअर-यूझर-सुइड-रॅपर’ या प्रोग्राममध्ये होता. ज्या सर्व्हरवर तो प्रोग्रामच नव्हता, त्याच्या व्यवस्थापकाला त्या दोषापुरती चिंता नव्हती. आणि ज्यांनी पॅकेज रेपॉझिटरीतून घेतले होते, त्यांना दुरुस्ती नेहमीच्या अपग्रेडमधून मिळाली.

बसवल्यानंतर सेवा चालू आहे का ते पाहावे:

सिस्टिमसीटीएल स्टेटस व्हीएमटूल्सडी

डेबियन व उबंटूवर सेवेचे मूळ नाव ‘ओपन-व्हीएम-टूल्स’ असे आहे, तर रेड हॅट परिवारात ते ‘व्हीएमटूल्सडी’ आहे. ही सेवा व्हीएमवेअरवर असतानाच सुरू व्हावी अशी अट तिच्या फाइलमध्येच लिहिलेली असते. त्यामुळे एकच टेम्प्लेट दुसऱ्या हायपरवायझरवर नेली तरी ती निमूटपणे बंद राहते आणि कोणाच्या वाटेत येत नाही.

आता एका गैरसमजाविषयी. व्हीस्फिअरच्या (व्हीएमवेअरच्या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या) पानावर टूल्सच्या रकान्यात ‘गेस्ट मॅनेज्ड’ असे लिहिलेले दिसते आणि नवीन व्यवस्थापकाला वाटते, की काहीतरी अपुरे राहिले आहे. मग तो आयएसओ जोडून टूल्स ‘अपग्रेड’ करू पाहतो. ‘गेस्ट मॅनेज्ड’चा अर्थ एवढाच, की या टूल्सची देखभाल आतली लिनक्स प्रणाली करते, हायपरवायझर नव्हे. आपल्याला नेमके तेच हवे आहे. तेथे हात लावू नये.

शेअर केलेल्या फोल्डरची पद्धतही बदललेली आहे. पूर्वी त्यासाठी वेगळे कर्नल मॉड्यूल लागत असे, कर्नल ४.० पासून पुढे ते काम फ्यूजच्या (कर्नलबाहेरून फाइलसिस्टिम चालवण्याच्या सोयीच्या) आधाराने ‘व्हीएमएचजीएफएस-फ्यूज’ हा प्रोग्राम करतो. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये फोल्डर शेअर केल्यावर ‘व्हीएमवेअर-एचजीएफएसक्लायंट’ ही कमांड चालवली, की उपलब्ध फोल्डरांची नावे दिसतात. ती दिसली तर:

सुडो एमकेडिर -पी /एमएनटी/एचजीएफएस
सुडो व्हीएमएचजीएफएस-फ्यूज .होस्ट:/ /एमएनटी/एचजीएफएस -ओ अलाऊ_अदर

पहिल्या तपासणीत नावेच दिसत नसतील, तर दोष माउंटमध्ये नसून वर्कस्टेशनच्या मांडणीत आहे, आणि लिनक्सच्या बाजूला कितीही खटपट केली तरी उपयोग होणार नाही.

व्हर्च्युअलबॉक्सवर

येथे परिस्थिती डिस्ट्रिब्युशननुसार बदलते. उबंटूमध्ये पॅकेजेस ‘मल्टिव्हर्स’ या विभागात आहेत. तो बंद असेल तर ‘सुडो ॲड-ॲप्ट-रेपॉझिटरी मल्टिव्हर्स’ या कमांडने चालू करावा आणि मग:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-युटिल्स व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-एक्स११

डेस्कटॉप नसेल तर दुसरे पॅकेज गाळावे. फेडोरामध्ये पॅकेजचे नाव ‘व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-ॲडिशन्स’ आहे, आर्चमध्ये ‘व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-युटिल्स’, तर ओपनसुसेमध्ये ‘व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-टूल्स’.

डेबियनचा अपवाद महत्त्वाचा आहे. आवृत्ती ९ पासून डेबियनच्या स्थिर शाखेत व्हर्च्युअलबॉक्सची पॅकेजेस नाहीत, कारण जुन्या आवृत्तीला लावता येतील अशा सुट्या सुरक्षा दुरुस्त्या ओरॅकलकडून मिळत नाहीत आणि डेबियनच्या धोरणात ते बसत नाही. या लेखाची शिफारस रेपॉझिटरीची असली तरी डेबियन स्थिर आणि व्हर्च्युअलबॉक्स या जोडीसाठी आयएसओचा मार्ग घेणेच योग्य ठरते. अस्थिर शाखेतील पॅकेज ओढून आणल्यास त्याच्यामागून इतर सामायिक लायब्ररीही बदलू लागतात आणि स्थिर प्रणाली स्थिर राहत नाही.

एक दिलासा असा, की ‘व्हीबॉक्सगेस्ट’ हे मॉड्यूल कर्नल ४.१६ पासून आणि शेअर केलेल्या फोल्डरांचे ‘व्हीबॉक्सएसएफ’ हे मॉड्यूल ५.६ पासून मूळ कर्नलमध्येच आहे. म्हणून आजच्या बहुतेक डिस्ट्रिब्युशनमध्ये काही कंपाइल करावे लागत नाही. मॉड्यूल चढले आहे का हे ‘एलएसमॉड | ग्रेप व्हीबॉक्स’ या कमांडने दिसते.

आपोआप माउंट होणारे फोल्डर ‘/मीडिया’खाली, नावाच्या आधी ‘एसएफ_’ लागून दिसतात, आणि ते उघडण्याचा अधिकार ‘व्हीबॉक्सएसएफ’ या गटाला असतो. विद्यार्थ्यांची सर्वांत अधिक अडचण येथेच होते: फोल्डर दिसतो, पण परवानगी नाकारली जाते. उपाय असा:

सुडो यूझरमॉड -एजी व्हीबॉक्सएसएफ वापरकर्त्याचे-नाव

यात पर्यायातील पहिले अक्षर लहान ‘ए’ आणि दुसरे मोठे ‘जी’ आहे. गट बदलल्यावर पूर्ण लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे. केवळ नवे टर्मिनल उघडून भागत नाही.

केव्हीएम, लिबव्हर्ट आणि प्रॉक्समॉक्सवर

केव्हीएममध्ये डिस्क आणि नेटवर्कसाठी लागणारे व्हर्टआयओ ड्रायव्हर फार पूर्वीपासून लिनक्स कर्नलमध्ये आहेत, त्यामुळे वेगासाठी वेगळे काही बसवायचे नसते. बसवायचा तो होस्टशी बोलणारा एजंट:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्यूएमयू-गेस्ट-एजंट

डेस्कटॉप असेल आणि स्पाइस (व्हीएमचा पडदा दुरून दाखवणारी पद्धत) वापरत असाल, तर ‘स्पाइस-व्हीडीएजंट’ही घ्यावे. डेबियन व उबंटूवर ‘सिस्टिमसीटीएल इनेबल’ चालवल्यावर काही आवृत्त्यांत या सेवेला इन्स्टॉलेशनची मांडणीच नाही असा संदेश येतो. ती चूक नाही. ही सेवा होस्टने दिलेले उपकरण दिसताच स्वतः सुरू होते.

हे उपकरण म्हणजे होस्ट आणि गेस्ट यांच्यामधली एक व्हर्टआयओ सिरियल वाहिनी, आणि ती होस्टच्या बाजूने उघडावी लागते. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमच्या ‘ऑप्शन्स’ पानावर क्यूएमयू गेस्ट एजंटचा पर्याय चालू करावा, आणि मग व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी. आतून रीबूट दिल्याने भागत नाही, कारण त्याने क्यूएमयूची प्रक्रिया तीच राहते आणि नवे उपकरण तिला जोडले जात नाही. पॅकेज बसले, सेवा मात्र सुरू होत नाही, अशा तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते. होस्टवरून खात्री करण्यासाठी:

क्यूएम एजंट १०१ पिंग

येथे १०१ च्या जागी आपल्या व्हीएमचा क्रमांक, अर्थातच देवनागरी अंकांऐवजी नेहमीच्या इंग्रजी अंकांत, घालावा. काहीच उत्तर न येता कमांड संपली, तर एजंट बोलत आहे. लिबव्हर्टवर ‘व्हर्श डोमआयएफॲड्र’, पुढे व्हीएमचे नाव आणि ‘--सोर्स एजंट’ असे दिले, की आतून कळवलेला आयपी पत्ता मिळतो.

हायपर-व्हीवर

मुख्य ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. उरलेल्या सेवांसाठी उबंटूवर ‘लिनक्स-क्लाउड-टूल्स-व्हर्च्युअल’, तर डेबियन, फेडोरा व रेड हॅट परिवारात ‘हायपरव्ही-डेमन्स’ हे पॅकेज बसवावे.

वीज गेली तर व्हीएम नीट बंद होतात का

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, वातानुकूलन यंत्रांचा भार वाढतो आणि दुपारी वीज खंडित झाली की सर्व्हर यूपीएसवर येतो. यूपीएसची बॅटरी संपत आल्यावर होस्टने स्वतः बंद होण्यापूर्वी सगळ्या व्हीएम व्यवस्थित बंद करणे, यासाठीच मला गेस्ट टूल्स सर्वांत मोलाची वाटतात. कॉपी-पेस्टची सोय त्यापुढे दुय्यम आहे.

ईएसएक्सआयवर (व्हीएमवेअरच्या सर्व्हरवरील हायपरवायझरवर) ‘शट डाउन गेस्ट’ हा पर्याय टूल्स चालू असल्याशिवाय काम करत नाही. ती नसतील तर उरतो तो थेट वीज तोडण्याचा पर्याय. होस्टच्या ‘ऑटोस्टार्ट’ मांडणीत व्हीएम थांबवण्याची रीत ‘गेस्ट शटडाउन’ अशी निवडावी. लिबव्हर्टवर ‘लिबव्हर्ट-गेस्ट्स’ ही सेवा चालू करून तिच्या मांडणीच्या फाइलमध्ये ‘ऑन_शटडाउन=शटडाउन’ असे लिहावे; डावीकडचा शब्द मोठ्या अक्षरांत आणि उजवीकडचा लहान अक्षरांत असतो. ही फाइल डेबियन परिवारात ‘/ईटीसी/डीफॉल्ट’खाली, तर रेड हॅट परिवारात ‘/ईटीसी/सिसकॉन्फिग’खाली सापडते. त्याच फाइलमध्ये व्हीएमला दिला जाणारा वेळ सेकंदांत ठरवता येतो. तो ठरवताना यूपीएस भारावर खरोखर किती मिनिटे टिकतो हे मोजून घ्यावे, कारण उन्हाने थकलेली बॅटरी खोक्यावर छापलेला वेळ देत नाही. यूपीएसचा इशारा होस्टपर्यंत पोहोचवण्याचे काम ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ किंवा ‘एपीसीयूपीएसडी’ करते आणि दोन्ही रेपॉझिटरीत आहेत.

ही साखळी कागदावर पूर्ण झाली म्हणून विसंबू नये. सुटीच्या दिवशी, बॅकअप घेऊन, यूपीएसचा मुख्य प्लग काढून पाहावा. नंतर प्रत्येक व्हीएममध्ये ‘जर्नलसीटीएल -बी -१ -एन ५०’ चालवून आधीच्या सत्राच्या शेवटच्या नोंदी वाचाव्यात: सेवा क्रमाने थांबल्याच्या ओळी दिसल्या तर बंद होणे नीट झाले, नोंदी मध्येच तुटल्या असतील तर त्या व्हीएमची टूल्स पुन्हा तपासावीत.

स्नॅपशॉट आणि वेळ

डेटाबेस असलेल्या व्हीएमचा स्नॅपशॉट टूल्सच्या मदतीने घेतला, तर आधी फाइलसिस्टिम क्षणभर गोठवली जाते. एजंट चालू असल्यास प्रॉक्समॉक्सचा बॅकअप हे आपोआप करतो. व्हीएमवेअरवर ‘/ईटीसी/व्हीएमवेअर-टूल्स/बॅकअपस्क्रिप्ट्स.डी’ या फोल्डरमध्ये आपली स्क्रिप्ट ठेवता येते. तिला गोठवण्यापूर्वी ‘फ्रीझ’ आणि सोडताना ‘थॉ’ असा शब्द मिळतो, आणि त्यावरून डेटाबेसचे लेखन थांबवता व पुन्हा सुरू करता येते. बॅकअपस्क्रिप्ट्समधील मधले ‘एस’ मोठे असते.

घड्याळ जुळवण्याचे काम मात्र एकाकडेच असावे. व्हीएमवेअर टूल्समधील नियमित वेळ-जुळवणी मुळात बंदच असते आणि ‘व्हीएमवेअर-टूलबॉक्स-सीएमडी टाइमसिंक स्टेटस’ या कमांडने ते पाहता येते. ती बंदच ठेवून ‘क्रोनी’ हा वेळ जुळवणारा प्रोग्राम बसवावा. सर्ट-इनच्या (भारत सरकारच्या संगणक सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातील संस्थांनी आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडावयाची आहेत. क्रोनीच्या मांडणीत ‘टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग’ आणि ‘समय१.एनआयसी.इन’ हे पत्ते घालून ‘क्रोनिक सोर्सेस’ या कमांडने पाहावे. ज्या ओळीच्या सुरुवातीला तारांकन दिसते, त्या सर्व्हरशी घड्याळ जुळलेले असते.

टूल्स अपग्रेड झाल्यावर सेवा बहुधा स्वतः पुन्हा सुरू होते, परंतु कर्नल बदलला असेल तर रीबूटनंतरच नवी मॉड्यूल वापरात येतात. म्हणून महिन्याच्या अपडेटनंतर प्रत्येक व्हीएम एकदा रीबूट करावी आणि होस्टच्या बाजूने तिचा आयपी पत्ता पुन्हा दिसतो का ते पाहावे.